सडवा कोणाचा, गुन्हा कोणाचा?

एका अभ्यासवर्गात मी मोहफुलांविषयी बोललो, तेव्हा एका तरुण कार्यकर्त्याने उठून विचारले, ‘सर, आपण बौद्ध आहोत. दारू कशी गाळतात हे आपण कशाला समजून घ्यायचे?’ प्रश्न प्रामाणिक होता आणि टाळ्याही त्यालाच पडल्या. तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही. पुढे विचार करताना ध्यानात आले की, या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. दारू न पिणे हा आपण स्वतः घेतलेला निर्णय आहे. दारू कोणी गाळावी, कोणी विकावी आणि त्यासाठी तुरुंगात कोणी जावे, हे मात्र आपल्याला न विचारता दुसऱ्यांनीच ठरवले आहे. पहिल्या गोष्टीच्या अभिमानात आपण दुसरी गोष्ट तपासायचीच सोडून दिली. ती तपासायची तर आधी मडक्यात काय चालते ते पाहावे लागेल. म्हणून हा लेख.

मी दारू पीत नाही. माझे वडील १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्याच्या दीक्षा समारंभाला पायी गेले होते. परत आल्यावर त्यांनी जे सोडले ते सोडलेच. तरीही आमच्या घरातला उन्हाळा मोहाच्या वासाचा होता, हे मी लपवणार नाही.

१

फाल्गुन सरत आला की मोहाची पाने झडतात आणि उघड्या फांद्यांवर फुलांचे घोस येतात. हे फूल खुडावे लागत नाही. रात्री ते पिकते आणि पहाटे आपोआप गळते. मांसल, पिवळसर पांढरे आणि गोड. ऊन वर चढले की ते चिकट होते, माती धरते, जनावरे खातात. म्हणून तांबडे फुटायच्या आत झाडाखाली पोचावे लागते. हंगाम जेमतेम महिनाभराचा. त्या महिन्यात आमच्या मोहल्ल्यातल्या आणि शेजारच्या गोंडांच्या टोल्यावरच्या बायका एकाच वाटेने टोपल्या घेऊन जात. बापे माणसे क्वचितच. सूर्य माथ्यावर येईतो पाठ वाकलेलीच असे. घरी आल्यावर अंगणात फुले पसरायची, चार-पाच दिवस वाळवायची. वाळून ती तपकिरी होतात, मनुक्यासारखी सुरकुततात आणि वजनाला फार उतरतात. टोपलीभर कष्टाचे सूपभर होते.

वाळलेल्या फुलात निम्म्याच्या आसपास साखरच असते. म्हणून ते आधी अन्न आहे. उकडून खातात, भाजून कुटून लाडू करतात, पिठात मिसळून भाकरी करतात. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांतातल्या कितीतरी माणसांना याच फुलाने तगवले. पुढे पावसाळ्याच्या तोंडावर त्याच झाडाला फळे धरतात आणि बियांचे तेल निघते. आमच्या दिव्यात तेच तेल जळत असे. एकच झाड माणसाला अन्न, तेल आणि चार पैसे देते. त्याला केवळ ‘दारूचे झाड’ म्हणणे हा अबकारी खात्याचा दृष्टिकोन आहे. आपण तो का उचलावा?

आता बाजाराचे पाहा. चैत्रात सगळ्यांच्याच घरी फूल असते आणि सगळ्यांच्याच घरी पैसा नसतो. व्यापारी त्या वेळी पडेल भावाने घेतो, कोठारात भरतो. श्रावण-भादव्यात रानात काम नसते, घरात दाणा नसतो. तेव्हा तेच फूल तो चढ्या भावाने विकतो आणि विकत घेणाऱ्यांत ते वेचणारे हातही असतात. फूल गरिबाचे, साठवण सावकाराची. दारूचा प्रश्न इथून सुरू होतो, मडक्यापासून नव्हे.

२

वाळलेली फुले पाण्यात भिजत घातली की दोन-तीन दिवसांत पाण्यावर फेस धरतो, बुडबुडे येतात. याला आमच्याकडे सडवा म्हणतात. शब्द ‘सडणे’वरून आला असला तरी ही निव्वळ नासाडी नव्हे. फुलावर आणि मडक्याच्या अंगाला किण्वाचे सूक्ष्म जीव असतातच. ते साखर खातात आणि तिचा मद्यार्क व कर्बवायू करतात. बुडबुडे त्या वायूचे. जुने मडके नीट न घासता ठेवायची रीत आहे, कारण त्याच्या छिद्रांत मागच्या खेपेचे किण्व टिकून असते. उन्हाळ्यात सडवा आठवड्याच्या आत येतो, थंडीत जास्त दिवस लागतात. बुडबुडे थांबले की साखर संपली असे समजायचे.

इथवर जे तयार झाले ते सौम्य आणि आंबूस पेय आहे. त्याची दारू करायची तर ते तापवावे लागते. मद्यार्क ७८ अंशांना उकळतो आणि पाणी १०० अंशांना. त्यामुळे मंद आचेवर मद्यार्काची वाफ आधी निघते. सडव्याच्या मडक्यावर दुसरे मडके, त्यात एक लहान भांडे आणि सगळ्यात वर थंड पाण्याचे पातेले. सांधे ओल्या मातीने लिंपायचे. वाफ वरच्या थंड बुडाला लागते, तिचे थेंब होतात आणि आतल्या भांड्यात पडतात. वरचे पाणी तापले की बदलायचे. पाणी किती वेळा बदलले यावरून दारू कडक की पातळ ते कळते, कारण जसजसे पाणी बदलत जावे तसतशी वाफेत पाण्याची वाफ वाढत जाते. ‘पहिल्या धारेची’ हा शब्द शहरातल्या लोकांनी चेष्टेत वापरला, पण त्यामागे असे हे साधे पदार्थविज्ञान आहे. दुसऱ्या रीतीत बांबूची नळी लावून धार ओढ्याच्या पाण्यात बुडवलेल्या भांड्यात उतरवतात. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायकांना हे ज्ञान होते. त्यांना कोणी ‘तंत्रज्ञ’ म्हटले नाही. पंचनाम्यात त्या ‘आरोपी’ झाल्या.

गुळाचे आणि नवसागराचे काय, असे कोणी विचारील. मोहाला मुळात त्याची गरज नसते. पण धाड केव्हा पडेल याचा नेम नसतो, तेव्हा आठवडाभर मडके ठेवणे परवडत नाही. गूळ घातला की साखर वाढते. नवसागरातल्या अमोनियातून किण्वाला नायट्रोजन मिळतो आणि सडवा लवकर येतो. म्हणजे कायद्याने दारू थांबली नाही, तिची घाई वाढली आणि कस घसरला. त्याच्याही पुढची पायरी आपण २०१५ साली मुंबईत मालवणीला पाहिली. तिथे शंभरावर माणसे मेली, बहुतेक हातावर पोट असलेली. त्यांना मारणारे विष मोहाच्या फुलातून आले नव्हते. ते कारखान्यात वापरायचे मिथेनॉल होते.

३

मोह वसंतातला. सुगीनंतरचे पेय वेगळे असते. गडचिरोली जिल्ह्याच्या कडेने इंद्रावती वाहते. तिच्या पलीकडे बस्तरमध्ये तांदळाचा लांदा करतात. आठवडी बाजारात बायका मडकी घेऊन तो विकायला बसतात. लांदा समजून घेण्यासारखा आहे, कारण शहरातल्या माणसाला बिअर माहीत असते आणि लांदा ही तत्त्वतः बिअरच आहे.

मोहाच्या फुलात साखर तयारच असते. धान्यात ती नसते, पिष्ट असते. किण्वाला पिष्ट खाता येत नाही. म्हणून आधी पिष्टाची साखर करावी लागते. हे काम धान्याला मोड आणून होते. मोड येताना दाण्यात एक विकर तयार होते, ते पिष्ट फोडते. लांद्यासाठी तांदूळ भिजवून कुटतात, ते पीठ वाफवतात आणि त्यात मोड आणून वाळवून दळलेला मका किंवा नाचणी मिसळतात. पाणी घालून काही दिवस झाकून ठेवतात. दाट, आंबूस, पांढरट पेय तयार होते. रानात काम करणारा माणूस ते पितो तेव्हा तहान आणि भूक दोन्ही भागतात.

बाटलीतल्या बिअरमध्ये मोड आणलेले बार्ली असते, कडूपणासाठी आणि टिकण्यासाठी होप्सची फुले घालतात. होप्स आपल्याकडे हिमाचलातल्या लाहौलच्या खोऱ्यात थोडी होतात, बाकी परदेशातून येतात. बाकी क्रिया तीच. मोड, पिष्टाची साखर, साखरेचा मद्यार्क. एकीला कारखाना, परवाना, जाहिरात आणि चकचकीत दुकान लाभले. दुसरीला मडके आणि धाड. हा फरक रसायनशास्त्राने केलेला नाही.

मग कोणी केला?

४

पाचव्या शीलात ‘सुरा’ आणि ‘मेरय’ असे दोन शब्द आपण रोज उच्चारतो. दोन का, हे फारसे कोणी विचारत नाही. विनयपिटकाच्या सुत्तविभंगात त्यांचा अर्थ दिला आहे. सुरा म्हणजे पिठाची, पुऱ्यांची, शिजवलेल्या भाताची आणि किण्व घातलेली. मेरय म्हणजे फुलांचा, फळांचा, मधाचा, गुळाचा आसव. म्हणजे लांदा ही सुरा आणि मोहाचा सडवा हे मेरय. धान्याचे वेगळे, फुलाफळांचे वेगळे, हा भेद त्या काळच्या भिक्खूंना नीट ठाऊक होता. पालीतले ‘किण्ण’ हेच आपले ‘किण्व’.

मला यातून एवढेच म्हणायचे आहे की, ज्या धम्माने मद्य वर्ज्य केले त्याने आधी ते जाणून घेतले. वर्ज्य का करायचे याचे कारणही शीलातच आहे. मद्य हे प्रमादाचे, बेसावधपणाचे ठिकाण आहे म्हणून. गाळणारी बाई नीच जातीची आहे म्हणून नव्हे. ब्राह्मणी नीतीने मात्र पेयाचा विटाळ माणसाला चिकटवला. कलार दारू विकतो म्हणून तो खालचा, ताडी काढणारा खालचा, मोह वेचणारी खालची. त्याच दारूच्या महसुलावर पगार घेणारा वरचा. शील आणि विटाळ या दोन गोष्टी एक नाहीत. अभ्यासवर्गातल्या त्या तरुणाला मला हे सांगायचे होते.

५

आता कायदा. इंग्रजांना दारूचे वावडे नव्हते, फुकटच्या दारूचे होते. मुंबई इलाख्यात १८७८ साली अबकारी कायदा झाला. गाळण्याचा आणि विकण्याचा अधिकार मक्त्याने देण्यात आला. घरी गाळणे हा गुन्हा ठरला आणि मक्तेदाराच्या दुकानातून, कर भरून, तीच दारू पिणे हा राजमान्य व्यवहार. पण झाडे रानात उभी होती आणि फूल दर वर्षी गळत होते. तेव्हा १८९२ साली केवळ मोहफुलांसाठी खास कायदा आणला गेला आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुले बाळगण्यावर व विकण्यावर निर्बंध आले. ज्या फुलावर लोक दुष्काळ काढत, ते फूल घरात सापडणे संशयास्पद ठरले. दारूबाज कमी व्हावेत हा त्यामागचा हेतू नव्हता. मक्तेदाराच्या दुकानाला घरच्या मडक्याची स्पर्धा नको होती.

याला लोकांनी दिलेले एक उत्तर फार बोलके आहे. १९२२-२३ साली दक्षिण गुजरातच्या आदिवासींत देवीचे वारे आले. अंगात आलेल्या देवीच्या तोंडून आज्ञा निघू लागल्या. दारू-ताडी सोडा, मांस सोडा, स्वच्छ राहा आणि पारशी मक्तेदारांकडे कामाला जाऊ नका. दारूची दुकाने ओस पडली. शहरी पुढाऱ्यांना ही नुसती सुधारणा वाटली. पण ज्याच्या गुत्त्यात आपले कर्ज, आपली जमीन आणि आपली मजुरी अडकली आहे, त्याचा गुत्ता बंद पाडायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे पिणे सोडणे, हे त्यांनी ओळखले होते. तो त्याग होता आणि संपही होता.

आपल्या परंपरेतही हे दोन्ही धागे आहेत. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० साली त्यांनी शहरातल्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेला लिहिले. सरकार गुत्ते वाढवते आणि गरिबाची घरे बुडतात, हे त्यांना दिसत होते. बाबासाहेबांचे तर अधिक विचार करण्यासारखे आहे. १९५१ च्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या निवडणूक जाहीरनाम्यात दारूबंदी रद्द करण्याची मागणी होती. बंदीने सरकारचा महसूल बुडतो आणि दारू गाळणे हा घरोघरचा धंदा होऊन ती बायकामुलांपर्यंत पोचते, असा त्यामागचा विचार होता. त्यानंतर पाच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे.

हा विरोधाभास आहे काय? मला तसे वाटत नाही. प्रतिज्ञा माणूस स्वतः घेतो. ती मोडली तर तो स्वतःशी आणि संघाशी उत्तरदायी असतो. बंदी शिपाई आणतो आणि शिपाई कोणाच्या दारात आधी जातो हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. बाबासाहेबांनी आपल्याला मडके फोडायला सांगितले, पण ते आपल्या हाताने.

६

हे मी पुस्तकातून शिकलो त्याआधी आत्याकडून शिकलो. आत्या तरुणपणी विधवा झाली, पदरी दोन मुली. शेत नाही, मजुरी चार महिन्यांची. तिने मोह गाळायला घेतला. माझ्या वडिलांना ते बोचत असे. दीक्षा घेतलेल्या घरात भट्टी! भांडण झाले तेव्हा ती म्हणाली, ‘दादा, मी गाळतो, पण एक थेंब तोंडात घालत नाही. माह्या पोरींची फी तुह्या पंचशीलातून निघंल काय, सांग.’ वडील गप्प बसले. ते तिला चूक म्हणत राहिले, पण त्या दिवसापासून पोरींच्या वह्या-पुस्तकांचे ते पाहू लागले.

१९७३ साली महाराष्ट्रात देशी दारूचे नियम झाले आणि परवान्याची दुकाने वाढत गेली. आमच्या बाजारगावातही एक आले. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आत्याच्या घरी धाड पडली. मडकी फोडली, अंगणात वाळत घातलेली फुलेही नाल्यात टाकली. त्यातली निम्मी खायची होती. आत्याला तालुक्याला नेले, दंड झाला. दंड भरायला तिने कर्ज काढले आणि ते फेडायला पुन्हा गाळायला बसली. दुकानासमोरच्या बाकड्यावर मात्र दिवसाढवळ्या गर्दी असे आणि तिथे आमच्याच वस्तीतली माणसे आठवड्याची मजुरी ठेवून येत. धाड घालणाऱ्यांची गाडी त्याच दुकानापुढे थांबलेली मी पाहिली आहे. तेव्हा मी शाळकरी होतो. कायदा दारूच्या विरुद्ध आहे, हा माझा समज त्या दिवशी संपला.

आत्याचा कैवार घेताना मी दुसरी बाजू विसरत नाही. तिच्या भट्टीवर पिऊन गेलेला माणूस घरी जाऊन बायकोला मारत होता. मारहाण सोसणारीही आपलीच बाई होती. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली ती तिथल्या लोकांनी, विशेषतः बायकांनी, वर्षानुवर्षे मागितली म्हणून. गावोगावच्या बायका मतदान घेऊन ‘आडवी बाटली’ करतात आणि दुकान बंद पाडतात, तेव्हा तो निर्णय ज्यांचे घर जळते त्यांचा असतो. मी त्याला शंभर वेळा मान देईन. वर्ध्याला १९७५ पासून बंदी आहे. चंद्रपूरला २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. या जिल्ह्यांचा अनुभव एवढेच सांगतो की, गावाचा आणि बायकांचा रेटा असेल तिथे बंदी जगते. तो नसेल तिथे ती हप्त्याचे निमित्त होते.

७

आणि आता काळ पालटला आहे. आज दारू प्रतिष्ठित होऊ पाहते आहे, पण कोणाच्या हातची?

महाराष्ट्राने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आखले आणि वाईनला सवलती दिल्या. २००७ साली धान्यापासून मद्यार्क गाळणाऱ्या कारखान्यांना अनुदानाचे प्रोत्साहन दिले. म्हणजे ज्वारीची दारू कारखान्याने गाळली तर अनुदान आणि मोहाची दारू बाईने गाळली तर दंड. गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ साली ते राज्याचे वारसा पेय ठरले. बोंडू गोळा करणे, रस आंबवणे, भट्टी लावणे, हे सगळे मोहासारखेच हंगामी आणि घरगुती. गोव्यात तो वारसा झाला याचा मला आनंद आहे. आमच्याकडे तीच क्रिया पंचनाम्यात जाते, त्याचे दुःख आहे.

मध्य प्रदेशाने २०२२ साली मोहाच्या दारूला ‘वारसा मद्य’ म्हणून मान्यता दिली आणि ती आदिवासी बचतगटांनी बनवावी असे ठरवले. महाराष्ट्रानेही २०२१ साली मोहफुले गोळा करणे, साठवणे आणि नेणे यांवरचे निर्बंध उठवले. १८९२ पासूनची एक बेडी इतक्या उशिरा निघाली. हे चांगलेच झाले. पण यात आपण कुठे आहोत?

छत्तीसगडात आदिवासींना घरच्या गरजेपुरती दारू करण्याची सूट आहे. इंद्रावतीच्या त्या काठावर मडके ही रूढी आहे, या काठावर गुन्हा. ती सूट मिळाली ती योग्यच आहे, त्यांच्या पूजेत आणि मर्तिकात मोह लागतो. पण त्याच गावात त्याच झाडाखाली वेचणाऱ्या दलित बाईला ती सूट नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला गौण वनोपजाची मालकी आणि मादक पदार्थांचे नियमन करण्याचा अधिकार दिला. आमची कितीतरी गावे त्या क्षेत्राच्या रेषेबाहेर आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासीखेरीज इतरांनी हक्क मागायचा तर डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, तिथे राहत असल्याचे दाखवावे लागते. ज्यांच्या नावावर कधी सातबारा नव्हता, ज्यांचे घर गावठाणाच्या नकाशात नीट आले नाही, त्यांनी पंचाहत्तर वर्षांचा कागद कुठून आणावा? आत्या हयातभर त्या मोहाखाली वाकली. तिच्याकडे याचा एकमेव कागद होता, तो दंडाच्या पावतीचा.

उद्या मोहाच्या बाटलीवर सुंदर चित्र येईल. गोंडी कला असेल, जंगलाचे वर्णन असेल. पंचतारांकित हॉटेलात ती महाग विकली जाईल. त्या बाटलीत आमच्या बायकांची पहाट असेल, पण तिच्या भागभांडवलात त्या नसतील. ज्याला काल गुन्हा म्हटले त्यालाच आज वारसा म्हणताना, मधल्या दंडांचे आणि फोडलेल्या मडक्यांचे काय, हे कोणी विचारायचे? आपण दारूचे नावच काढायचे नाही असे ठरवले तर हा प्रश्न विचारायला कोणी उरणार नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. आपण पिणार नाही, हे कायम. आपल्या वस्तीत गुत्ता नको, हे ठरवायचा अधिकार वस्तीतल्या बायकांचा, हेही कायम. पण मोह वेचणाऱ्या दलित बाईला गोंड बाईइतकाच झाडावर हक्क हवा, पंचाहत्तर वर्षांच्या कागदाची अट तिच्यासाठी सैल व्हायला हवी. फुलांची साठवण बायकांच्या हाती हवी, म्हणजे चैत्रात पडेल भावाने विकावे लागणार नाही. मोहाचे लाडू, मोहाचा काकवीसारखा पाक, बियांचे तेल यांचा धंदा उभा राहिला तर आत्यासारखीला भट्टीकडे वळावेही लागणार नाही. पोट भरायला गाळणाऱ्या बाईवरचे जुने खटले काढून टाकावेत. आणि उद्या मोहाच्या बाटलीचे कारखाने निघालेच, तर त्यांची मालकी वेचणाऱ्यांची असावी, त्यांत गोंड असोत की बौद्ध.

त्या तरुण कार्यकर्त्याला मी पुढच्या चैत्रात माझ्याबरोबर गावी यायला सांगितले आहे. पहाटे चारला उठावे लागेल, असेही सांगितले आहे. आत्याच्या थोरल्या मुलीची सून अजून वेचायला जाते. तिच्याबरोबर एक टोपली भरून पाहू. मग अभ्यासवर्गात पुन्हा बोलू.